पसंतीआधीची प्रत

व्यक्तिचित्रणाच्या व्यवसायात, म्हणजे ग्राहकाला स्टुडिओत बसवून त्याचा चेहरा टिपण्याच्या व्यवसायात, छायाचित्र टिपणे आणि अंतिम प्रत हाती देणे या दोहोंच्या मध्ये एक टप्पा येतो, त्याला नांदेड-लातूरकडचे स्टुडिओवाले ‘प्रूफ दाखवणे’ म्हणतात. टिपलेल्या छायाचित्रांच्या लहान, दुरुस्ती न केलेल्या प्रती ग्राहकासमोर मांडायच्या, त्यांतून त्याने एक-दोन निवडायच्या आणि पुढचे टचिंग, मोठी प्रत व फ्रेम हे सारे त्या निवडीवरून ठरायचे, असा त्याचा क्रम असतो. कॅमेरा, दिवे आणि मागचा पडदा यांविषयी छायाचित्रकार तासन्‌तास बोलतात. काउंटरवर प्रती मांडण्याच्या त्या थोड्या मिनिटांविषयी मात्र क्वचितच बोलले जाते, आणि तरीही छायाचित्र बरे की वाईट याचा व्यवहारातला निकाल तिथेच लागतो, शिवाय तो निकाल देणारी व्यक्ती बहुधा छायाचित्रात नसते.

इंग्रजीतील व्यवसायविषयक मार्गदर्शनात प्रूफ दाखवण्यासाठी ग्राहकाला स्वतंत्र वेळ द्यावी, शांत खोलीत बसवावे, असा सल्ला आढळतो. नांदेडच्या वजिराबाद भागातल्या किंवा लातूरच्या गंजगोलाईभोवतीच्या स्टुडिओला हा सल्ला जसाच्या तसा लागू पडत नाही. ज्या गंजगोलाईला सोळा रस्ते येऊन मिळतात, त्या बाजारात येणारा माणूस औशाहून, निलंग्याहून किंवा अहमदपूरहून एसटीने आलेला असतो. नांदेडला तो कंधार, मुखेड, देगलूर, हदगावकडून येतो. आणि बियाणे, कापड, दवाखाना, कोर्ट या कामांच्या यादीत फोटो हे शेवटचे काम असते. पुन्हा यायचे म्हणजे आणखी एक दिवसाची मजुरी बुडणार आणि परतीचे तिकीट पडणार. त्यामुळे या दोन शहरांत प्रूफ दाखवण्याची रीत पहिल्यापासून दाटीवाटीची राहिली आहे. फोटो काढताना सोबत जे आले असतील तेच निवड करणार, गाडीची वेळ होत आलेली असणार आणि छायाचित्रकाराला जे विचारायचे ते त्याच बैठकीत विचारून घ्यावे लागणार, हे गृहीत धरूनच काम चालते.

या प्रदेशाच्या छायाचित्रणाचा इतिहास हैदराबादपासून सुरू करावा लागतो, कारण सप्टेंबर १९४८ पर्यंत नांदेड आणि लातूर ही दोन्ही गावे निजामाच्या राज्यात होती. सहावे निजाम महबूब अली खान यांचे दरबारी छायाचित्रकार राजा दीनदयाळ (१८४४–१९०५) यांचा सिकंदराबादचा स्टुडिओ हा त्या काळी देशातल्या नामांकित स्टुडिओंपैकी होता. त्यांनी १८९२ साली हैदराबादेत पडदानशीन स्त्रियांसाठी वेगळा जनाना स्टुडिओ काढला आणि तो एका इंग्रज बाईंच्या देखरेखीखाली दिला, ही गोष्ट प्रूफाच्या विषयाशी थेट संबंधित आहे. स्त्रीचे छायाचित्र स्त्रीने टिपले, तरी ते धुताना, छापताना आणि पसंतीसाठी दाखवताना परक्या पुरुषाच्या नजरेखालून गेले तर पडद्याला अर्थ उरत नाही. म्हणून अशा स्टुडिओत कॅमेऱ्यामागच्या व्यक्तीइतकाच छापखान्याचा आणि प्रती पाहणाऱ्यांचाही विचार करावा लागतो. प्रूफ कोणी पाहायचे हा प्रश्न या प्रदेशात इतका जुना आहे.

त्याच काळात जगभरातले स्टुडिओ प्रूफासाठी एक वेगळा कागद वापरत. निगेटिव्ह, म्हणजे काळ्या-पांढऱ्याची अदलाबदल झालेली मूळ काच किंवा फिल्म, या कागदावर दाबून उन्हात ठेवली की विकासक द्रावणाशिवायच तांबूस-जांभळी प्रतिमा उमटत असे. ही प्रतिमा हायपोच्या द्रावणात स्थिर केली नाही, तर उजेडात पाहता पाहता ती काळवंडत जाते. प्रूफ मुद्दामच स्थिर केले जात नसे. ग्राहकाने ते घरी न्यावे, घरच्यांना दाखवावे, निवड कळवावी, पण तेच भिंतीवर लावून अंतिम प्रतीचे पैसे वाचवू नयेत, असा त्यामागे हिशेब होता. आजच्या प्रूफावर आडवे छापलेले स्टुडिओचे नाव, म्हणजे वॉटरमार्क, हेच काम करते. फक्त त्या जुन्या कागदाइतके ते चोख होत नाही.

कृष्णधवल छायाचित्रणाच्या काळात, म्हणजे साधारण १९८० च्या दशकापर्यंत, जिल्ह्याच्या गावातल्या स्टुडिओचे अर्थशास्त्र १२० क्रमांकाच्या रोलवर चालत असे. चौकोनी चित्र देणाऱ्या कॅमेऱ्यात त्यावर बारा फोटो बसत. आयातीवर निर्बंध होते, आणि उटीच्या हिंदुस्तान फोटो फिल्म्स या सरकारी कारखान्याची ‘इंदू’ छापाची फिल्म व कागद बाजारात आल्यावरही माल जपून वापरण्याची सवय गेली नाही. एका ग्राहकावर दोन, फार तर तीन फोटो खर्च करायचे आणि रोल भरला की मगच धुवायचा, असा शिरस्ता होता. ‘रोल संपला की मिळेल’ हे उत्तर त्या पिढीतल्या प्रत्येकाने ऐकलेले असेल. प्रूफ म्हणून जे दाखवले जाई ते बहुधा काँटॅक्ट प्रिंट असे, म्हणजे निगेटिव्ह कागदावर टेकवून काढलेली तिच्याच मापाची, जेमतेम सव्वादोन इंची प्रत. एवढ्याशा प्रतीत डोळे मिटले आहेत का, मान कलली आहे का, पदर सरकला आहे का, एवढे कळते. चेहऱ्यावरचा भाव पुरता कळत नाही. त्यामुळे त्या काळातली निवड ही दोष वगळण्यापुरती होती आणि ती छायाचित्रकारच करून टाकी. पुष्कळ ठिकाणी ग्राहकाला प्रूफ दाखवलेच जात नसे, आणि त्याबद्दल कोणाची तक्रारही नसे.

टचिंग आधी की प्रूफ आधी, हा जुना वाद याच काळातला. निगेटिव्हवर पातळ वॉर्निशाचा हात देऊन त्यावर टोकदार पेन्सिलीने बारीक रेघा भरल्या की तो भाग छपाईत उजळ येतो, कारण निगेटिव्हवर जिथे काळेपणा वाढतो तिथे कागदावर प्रकाश कमी पोहोचतो. देवीचे व्रण, कपाळाच्या आठ्या, डोळ्यांखालची काळी वर्तुळे अशी बुजवली जात. हे काम नजरेचे आणि सरावाचे असल्यामुळे ते करणाऱ्याचा गावात मान असे. काही स्टुडिओ टचिंग करूनच प्रूफ दाखवत, कारण कच्ची प्रत पाहून ग्राहक बिथरतो, असा त्यांचा अनुभव होता. काही जण कच्चीच दाखवत, कारण न निवडल्या जाणाऱ्या फोटोवर अर्धा दिवस घालवणे त्यांना परवडत नसे. दोहोंत दुसरी रीत अधिक बरी, असेच म्हणावे लागेल, आणि त्याचे कारण खर्चापुरते नाही. कच्च्या प्रतीवरच ग्राहक सांगू शकतो की कोणता डाग हा डाग आहे आणि कोणती खूण ही त्या माणसाची ओळख आहे. हनुवटीवरचा तीळ किंवा बालपणी पडल्याची भुवईवरची खोक छायाचित्रकाराने आपल्या मनाने पुसली, तर घरच्यांना चेहरा परका वाटतो आणि नेमके काय बिघडले हे त्यांना सांगताही येत नाही.

निवड कोण करतो, या प्रश्नाची सगळ्यांत मोठी शाळा म्हणजे स्थळासाठी काढलेला फोटो. पोस्टकार्ड आकाराचा, उभा, पूर्ण अंगाचा एक आणि चेहऱ्याचा एक, असे दोन फोटो बायोडाट्यासोबत पाठवण्याची रीत मराठवाड्यात दीर्घकाळ चालत आली आहे. या फोटोचे प्रूफ पाहायला मुलीबरोबर आई, मामा, कधी आत्या आणि थोरली बहीण येतात; वडील बहुधा बाहेर बाकावर बसतात आणि शेवटी पैसे देतात. आईला साडीच्या निऱ्या नीट दिसायला हव्या असतात, मामाला उंची दिसायला हवी असते, आत्याला चेहऱ्यावर हसू जास्त झाल्यासारखे वाटते. मुलगी गप्प असते. अनुभवी छायाचित्रकार अशा वेळी प्रती आधी तिच्या हातात देतो आणि ‘ताई, तुम्हाला कोणता बरा वाटायलाय?’ असे तिला विचारून मग बाकीच्यांकडे वळतो. निर्णय तिचाच होतो असे नाही, पण तिने एकदा बोट ठेवले की पुढची चर्चा त्या प्रतीला धरून होते. न विचारता प्रती थेट मामांच्या हाती दिल्या, तर ज्या फोटोवर तिचे लग्न जुळवले जाणार त्याच्या निवडीतून ती पहिल्याच मिनिटाला बाहेर पडते, आणि यात छायाचित्रकाराचा वाटा नसतो असे म्हणता येणार नाही.

स्वतः बसलेली व्यक्ती आणि तिचे नातेवाईक यांच्या पसंतीत फरक पडतो, त्याला लाजेपलीकडचे एक कारण आहे. माणूस स्वतःचा चेहरा आयुष्यभर आरशात, म्हणजे डावे-उजवे उलटलेला पाहत असतो, तर इतर लोक तो सरळ पाहत असतात. मिटा, डर्मर आणि नाइट या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी १९७७ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात, एकाच चेहऱ्याचे सरळ आणि उलटे छायाचित्र समोर ठेवले असता त्या व्यक्तीचा कल आरशासारख्या उलट्या प्रतीकडे आणि तिच्या जवळच्यांचा सरळ प्रतीकडे आढळला होता. केसांचा भांग, नथ, एका बाजूला झुकणारे हसू ही चिन्हे जागा बदलतात आणि चेहरा किंचित खोटा वाटू लागतो. ‘हा मी नाहीच’ हे काउंटरवर वारंवार ऐकू येणारे वाक्य त्यामुळे नखऱ्याचे मानून उडवून लावण्यासारखे नसते. मोबाइलच्या पुढच्या कॅमेऱ्याने ही अडचण वाढवली आहे. त्यात फोटो काढताना पडद्यावर आरशासारखे रूप दिसते, त्याची सवय झालेल्या तरुणांना स्टुडिओतली सरळ प्रत अधिकच परकी वाटते.

सर्वांत अवघड संभाषण मात्र रंगाचे असते. ‘लई काळं दिसायलंय, जरा उजळ करा की’ ही मागणी प्रूफ हाती पडताच होते, आणि ती बहुधा फोटोत बसलेल्याकडून न येता सोबतच्यांकडून येते. तिच्यात दोन निरनिराळ्या गोष्टी मिसळलेल्या असतात. एक भाग खरोखर तांत्रिक आहे: सावळ्या चेहऱ्यावर पांढऱ्या सदऱ्याच्या हिशेबाने प्रकाश मोजला, तर चेहरा आहे त्याहून काळा उमटतो, ओला ब्रोमाइड कागद वाळल्यावर थोडा गडद होतो, ट्यूबलाइटखाली धरलेली रंगीत प्रत हिरवट आणि निस्तेज भासते. एवढ्यापुरती तक्रार रास्त असते आणि प्रत दारापाशी नेऊन उजेडात दाखवली, तर निम्म्या वेळा ती तिथेच मिटते. दुसरा भाग समाजाच्या मनातला आहे, आणि त्यावर छायाचित्रकाराकडे उपाय नसला तरी मर्यादा घालण्याची सोय असते. पेन्सिलीच्या काळात उजळपणा किती वाढवायचा याला हाताच्या कष्टाची मर्यादा होती. संगणकावर ती उरलेली नाही आणि एक स्लायडर सरकवून माणूस ओळखू न येण्याइतका गोरा करता येतो. दोन प्रती शेजारी ठेवाव्यात, एक योग्य प्रकाशात छापलेली आणि एक मागणीप्रमाणे उजळवलेली, आणि प्रत्यक्ष माणूस समोर बसलेला असताना विचारावे, हा मार्ग अनेकांनी वापरून पाहिला आहे. समोर माणूस असला की डोळे आपोआप तुलना करतात. तरीही काही जण उजळच निवडतात, आणि मग ती प्रत द्यावीच लागते.

किती प्रती दाखवाव्यात याविषयी नव्या छायाचित्रकारांची समजूत अशी असते की भरपूर दाखवल्या म्हणजे ग्राहक खूश होतो. डिजिटल कॅमेऱ्यात फोटो फुकट झाल्यापासून एका बैठकीत शंभरेक फोटो सहज होतात आणि ते सगळेच संगणकावर एकामागोमाग सरकवून दाखवले जातात. दहाव्या-बाराव्या फोटोनंतर पाहणाऱ्याला पहिला आठवत नाही. मग तो दोष शोधू लागतो, कारण इतक्यांतून वगळायचे असेल तर दोषच सोपे पडतात, आणि शेवटी ‘घरी जाऊन सांगतो’ म्हणून उठतो. पाच-सहा प्रती कागदावर, पोस्टकार्ड आकारात, दोन-दोनच्या जोडीने समोर ठेवल्या आणि प्रत्येक जोडीतली नको असलेली उचलून बाजूला करायला सांगितली, तर तीच मंडळी काही मिनिटांत एकमताला येतात. कागदाचा आग्रह जुनाटपणाचा वाटू शकेल, पण संगणकाचा पडदा स्वतः उजेड देतो, कागद केवळ परावर्तित करतो, आणि अखेर भिंतीवर कागदच लागणार असतो.

फॉर्मच्या हंगामातले काम या सगळ्याला अपवाद आहे. ‘लातूर पॅटर्न’मुळे शिकवण्यांचे शहर झालेल्या लातुरात प्रवेशपरीक्षांच्या अर्जांचे दिवस आले की पांढऱ्या पडद्यासमोर मुलांची रांग लागते, तिथे प्रूफ म्हणजे पडद्यावर क्षणभर दिसणारा चेहरा आणि ‘चालतंय’ एवढेच उत्तर.

याउलट ज्या कामात घाई अजिबात चालत नाही, ते म्हणजे गेलेल्या माणसाचा फोटो मोठा करणे. घरात हार घालायला फोटो हवा असतो आणि हाती असतो तो रेशनकार्डासाठी काढलेला नखाएवढा चेहरा किंवा कोणाच्या तरी लग्नाच्या ग्रुप फोटोतली चौथ्या रांगेतली मान. पूर्वी अशा फोटोची नक्कल निगेटिव्हवर घेऊन, मोठी करून, ब्रशने आणि पेन्सिलीने तो पुरा केला जाई; आता ते संगणकावर होते. सदऱ्याच्या जागी कोट चढवायचा, डोक्यावर पटका बांधायचा, विटलेल्या कुंकवाची जागा नीट करायची, अशा मागण्या येतात, आणि जिथे मूळ फोटोत माहितीच नाही तिथे चित्रकारी करावी लागते. या कामात प्रूफाला पर्याय नसतो, कारण खरा चेहरा फक्त पाहणाऱ्यांच्या आठवणीत आहे आणि त्या आठवणी एकमेकींशी जुळत नाहीत. बायकोला आठवणारा माणूस चाळिशीतला असतो, नातवाला आठवणारा सत्तरीतला. लातूर जिल्ह्यातल्या किल्लारी परिसरात ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे झालेल्या भूकंपात सुमारे दहा हजार माणसे गेली आणि दगड-मातीची घरे सामानसुमानासकट कोसळली. अशा ठिकाणी मृताचा चेहरा शोधायचा तर तो दुसऱ्या गावच्या नातेवाइकाच्या अल्बममध्येच शोधावा लागणार. अशा कुटुंबांपुढे प्रूफ ठेवताना छायाचित्रकाराने ‘कसा झालाय?’ असे विचारू नये, ‘डोळे असेच होते का, मिशी एवढीच होती का?’ असे एकेका अवयवाचे विचारावे, ही या व्यवसायात शिकून घेण्याची गोष्ट आहे. पहिल्या प्रश्नाला लोक भिडेपोटी ‘बरा आहे’ म्हणतात आणि फोटो घरी नेल्यावर रडतात. दुसऱ्या प्रश्नाला खरे उत्तर मिळते.

मोबाइल आल्यापासून प्रूफ व्हॉट्सअ‍ॅपवर जाते. गावाकडच्या ग्राहकाची एक खेप वाचते, हा फायदा खरा आणि मोठा आहे, विशेषतः किनवटसारख्या दूरच्या तालुक्यातल्या माणसासाठी. तोटा असा की निवड पाहुण्यांच्या ग्रुपवर होते, जिथे पुण्यातला चुलतभाऊ आणि निजामाबादची मावशीही मत देतात. फोटो पाठवताना त्याचा तपशील दाबला जातो, प्रत्येकाच्या पडद्यावर रंग वेगळा दिसतो आणि छायाचित्रकाराला प्रश्न विचारण्याची जागाच उरत नाही. पुष्कळदा वॉटरमार्कसकट तोच फोटो स्टेटसला लागतो आणि अंतिम प्रतीचे काम तिथेच थांबते.

यावर ‘फोटो आमचा, हक्क आमचा’ असे स्टुडिओवाले रागाने म्हणतात, पण कायदा त्यांच्या बाजूचा नाही. भारताच्या १९५७ च्या प्रताधिकार कायद्यातील कलम १७ नुसार, मोबदला देऊन कोणाच्या सांगण्यावरून छायाचित्र काढले असेल आणि उलट करार झालेला नसेल, तर त्याचा पहिला प्रताधिकार काढून घेणाऱ्याकडे असतो. ब्रिटनच्या १९५६ च्या कायद्यात असाच नियम होता. तिथे १९८८ च्या कायद्याने तो बदलून अधिकार छायाचित्रकाराकडे दिला, भारतात तो तसाच राहिला. म्हणजे वॉटरमार्कने संरक्षण होते ते मजुरीचे, मालकीचे नव्हे. आणि मजुरी बुडू नये असे वाटत असेल, तर प्रूफाचे पैसे बैठकीच्या फीमध्येच आधी घेऊन ठेवणे हा सरळ मार्ग आहे. याच नियमाची दुसरी बाजू स्टुडिओच्या दर्शनी काचेत दिसते. चांगला उतरलेला फोटो शोकेसमध्ये लावण्याची हौस प्रत्येक छायाचित्रकाराला असते, पण तो लावायचा तर परवानगी लागते, आणि लहान शहरात लग्नाच्या वयाच्या मुलीचा फोटो रस्त्यावरून दिसला की घरापर्यंत बोल जातात. ती परवानगी मागण्याची योग्य वेळही प्रूफ दाखवतानाचीच, आणि ती तोंडी न घेता लिहून घेतलेली बरी.

लिहून घेण्याची सवय तशी जुनीच आहे. निवडलेल्या प्रूफाच्या पाठीवर आकार, प्रतींची संख्या, मॅट की ग्लॉसी, आणि ‘तीळ ठेवणे’, ‘कुंकू गडद’, ‘रंग आहे तसाच’ अशा सूचना मांडून त्याखाली ग्राहकाची सही किंवा अंगठा घेतला की प्रत नेताना होणारी अर्धी भांडणे टळतात. ब्रोमाइड कागदावर हे पेन्सिलीने लिहिता येई; आजच्या प्लॅस्टिकचा थर असलेल्या कागदावर पेन्सिल उठत नाही आणि बॉलपेनची शाई दुसऱ्या प्रतीला लागते, म्हणून काउंटरच्या खणात एक बारीक टोकाचा मार्कर ठेवलेला असतो.